गयाआत्याचा आंगठा

गयाआत्या गेल्याचं मला देवगाव फाट्यावर कळलं. सकाळची शाळा सुटली होती आणि मी टपरीवर चहा घेत गाडीची वाट बघत बसलो होतो. परभणीकडून आलेल्या एसटीचा कंडक्टर ओळखीचा. तो खाली उतरायच्या आधी दारातूनच म्हणाला, "मास्तर, तुमची आत्या वारली म्हणं. परवाच. तुमच्या गावचं माणूस स्टँडवर भेटलं होतं, तुमाला सांगा म्हणलं." परवा! म्हणजे माती होऊन गेली होती. मी कप खाली ठेवला. त्या क्षणी मला काय वाटलं ते आधी लिहितो, कारण ते झाकून ठेवून पुढचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं ते नंतर, गाडीत बसल्यावर, आणि मग ते आवरेना. पण आधी वाटलं ते हे, की आता हिला कधीच काही सांगावं लागणार नाही. असला मी माणूस. त्याला आता सव्वा महिना होऊन गेला.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी आली ती कायमची. आमच्या आळीच्या टोकाला तिचं एक खणाचं घर होतं आणि त्यात झोपायला जेवढी जागा तेवढीच पाला, साली, मुळ्या वाळत घालायला. उंच बाई, काळीभोर, चालणं पुरुषासारखं. तिच्या पदराला कायम कडू वास यायचा. लहानपणी ताप आला की तिनं जवळ घेऊ नये म्हणून मी माळवदावर चढून बसायचो, आणि ती खालून ओरडायची, "उत्त्या, खाली उतर, न्हाई तर वर येऊन पाजते!" आणि खरंच यायची. आजूबाजूच्या दहा-बारा गावांतल्या बाळंतिणी, दूध न उतरणाऱ्या आया, मुरडा झालेली लेकरं, सांधे धरलेली म्हातारी, सगळ्यांची वाट आत्याच्या दारावरून जायची.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून कोसभर आत. गावाच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या पल्याड, पंधरा-वीस एकरांचं खडकाळ रान होतं. त्याला आम्ही बन म्हणायचो. परक्या माणसानं बघितलं असतं तर हसला असता, हे कसलं बन म्हणून. पळस, खैर, दोन-चार बेहडे, हिवराची काटेरी झुडपं, तरवड, निरगुडी. सावलीला बसावं म्हटलं तर चार माणसं धड मावायची नाहीत. पण त्या झुडपांच्या बुडाशी, दगडांच्या सांदीत, वेलांच्या जाळीत आत्याचा सगळा दवाखाना होता. गुळवेल होती, शतावरी होती, मुरुडशेंग होती, आणि ज्यांची नावं मला आजही माहीत नाहीत अशी कितीतरी होती. नावं तिलाही ठाऊक नव्हती, पण ते पुढं येईल.

झाडाचं औषध काढायची तिची एक रीत होती. तिच्या आईनं शिकवलेली. आदल्या दिवशी संध्याकाळी हळद-कुंकू आणि तांदूळ घेऊन झाडापाशी जायचं, उद्या न्यायला येते असं त्याला आवतन द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत, कुणाशी न बोलता, मंत्र म्हणत खणायचं. छप्पन साली आमच्या आळीनं दीक्षा घेतली तेव्हा आत्यानं एका दिवसात मंत्र सोडला, कुंकू सोडलं, तांदूळ सोडले. गावात चर्चा झाली की आता गयाबाईच्या औषधाला गुण येणार नाही. ती फाडकन म्हणायची, "गुण पाल्यात हाय, मंतरात न्हाई. मंतर पोटात घालून बगा मुरडा ऱ्हातो का." पण संध्याकाळची फेरी मात्र तिनं सोडली नाही. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालेला, शहाणपण उतू चाललेलं. एकदा तिला चिडवलं, "काय आत्या, आवतन द्यायला निघालीस व्हय? आन् म्हणायचं बौद्ध!" ती थांबली. रागावली नाही. "आवतन न्हाई रे, नादान. बगायला चाललेय. कुणापाशी किती हाय ते आदल्या दिशी बगून यावं लागतंय. ज्याच्यापाशी दोनच मुळ्या उरल्यात त्याला काहून मागावं? दुसऱ्यापाशी जावं." मूळ काढायची तेही एकाच बाजूनं, आणि मग माती सारखी करून पायानं दाबायची. त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक हसलो असेन.

दीक्षेनंतर आणखी एक गोष्ट तिनं बदलली. आधी वरच्या आळीतल्या बायका औषधाला यायच्या त्या लांब उभ्या राहायच्या आणि आत्या पुडी दगडावर ठेवून मागं सरायची, मग त्या उचलायच्या. औषध चालायचं, हात चालत नव्हता. छप्पनच्या पुढं आत्यानं दगडावर ठेवणं बंद केलं. पुडी हातात धरून उभी राहायची. "हातात घ्या, न्हाई तर ऱ्हाऊ द्या." काही दिवस बायका यायच्या बंद झाल्या. मग एकीचं लेकरू फार आजारी पडलं आणि तिनं हात पुढं केला. त्यानंतर कुणी दगडाकडं बघितलं नाही. ही गोष्ट आत्या कधी सांगायची नाही, माझी आई सांगायची, आणि सांगताना प्रत्येक वेळी डोळ्यांना पदर लावायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नाला आटला, विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली. खडीचं काम संपलं की लोक बनात शिरायचे, लाकूड तोडून मोळ्या स्टेशनावर नेऊन विकायचे. मी त्यांना दोष देत नाही. घरात रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खाणारी माणसं ती, त्यांना बन राखा कुणी सांगावं? आत्या सांगायची. कुऱ्हाडीपुढं जाऊन उभी राहायची. "खैर तोड बाबा, पळस तोड, पर ह्या जाळीला हात लावू नको, हिच्या पाल्यावर तुही बायको दुखण्यातून उठली व्हती." लोक तिचं ऐकायचे आणि ती घरी गेली की तोडायचे. दमली शेवटी. एक दिवस दुपारची माझ्याकडं आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "उत्तम, तू समद्या गावाच्या अर्ज्या लिहितूस. महीबी एक लिही. सरकारला सांग, आमचं बन राखून दे म्हणावं."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. मी मास्तर, आणि अक्षर माझं वळणदार. गावाची कसलीही दरखास्त असो, ती माझ्याकडं यायची. मला त्याचा फार ताठा होता. मायना कसा, "सदर" कुठं, "विनंती विशेष" कुठं, हे मला असं जमायचं की तहसीलचा कारकूनही एकदा म्हणाला होता, मास्तर तुमचा अर्ज वाचायला बरा वाटतो. झालं! तेवढ्यावर मी दोन वर्षं फुगून होतो. आत्यानं अर्ज मागितला तेव्हा मी ठरवलं, हा असा लिहायचा की साहेबानं कुणाला तरी वाचून दाखवला पाहिजे.

आधी मी तिच्याकडून वनस्पतींची यादी घ्यायला बसलो. वही उघडली, आकडे घातले. तिला म्हटलं, सांग. ती म्हणाली, "एक ती मोठ्या धोंड्याखालची. पान वाटोळं." मी म्हटलं नाव सांग. "नाव? ती धोंड्याखालची. दुसरी वगळीच्या तोंडाची, पाणी नाल्यात उतरतंय तिथली. मग हिवराच्या पाठीमागं हाय ती, ती पोटाला." तासभर असं चाललं. पाच-सहा सोडली तर तिच्याकडं कशाचंच नाव नव्हतं, प्रत्येकाचा ठिकाणा तेवढा होता. नावाची गरजच कधी पडली नसेल, ती एकटीच तर जायची. मी वैतागलो. "आत्या, सरकारला धोंड्याखालची लिहून कसं चालंल?" ती ओशाळली. म्हणाली, "मग तुला येतंय तसं लिही." आणि मी मला येतंय तसं लिहिलं.

संध्याकाळी अर्ज वाचून दाखवला. चार-पाच बायका जमल्या होत्या आंगठे द्यायला. पुरुष कुणी आले नाहीत, चराईची जागा बंद होईल म्हणून. मी उभा राहून, खणखणीत आवाजात वाचलं. शेवटची ओळ मला आजही पाठ आहे. "तरी सदर बन विरळ होत चालले असून तेथे मोठ्या प्रमाणावर वृक्षलागवड करण्याची तजवीज व्हावी, ही विनंती." बायकांना कळलं काहीच नाही, पण आवाजावर त्या खूश झाल्या. आत्या मात्र थांबली. "झाडं लावा काहून म्हणायलास? हायती तेवढी ऱ्हाऊ द्या म्हण की." मी तिला समजावलं, लहान लेकराला समजवावं तसं. सरकारला नुसतं राहू द्या म्हणून भागत नसतं, काहीतरी मागावं लागतं, मागणीशिवाय अर्ज नसतो. ती म्हणाली, "तुला जास्ती कळतंय." मग शाळेचं शाईचं पॅड काढलं. आत्याचं बोट खणून खणून असं झालेलं की रेषाच उरल्या नव्हत्या, आणि तिनं जोर लावून आंगठा दाबला, वरून फिरवला. कागदावर एक काळा गोळा उठला. खालच्या दोन ओळी फरकाटल्या. माझ्या सुंदर अर्जाची ती दशा बघून मी खेकसलो, "काय आत्या! घाण केलीस की कागदाची!" ती आंगठा लुगड्याला पुसत राहिली. दुसरा चांगला कागद नव्हता. तसाच अर्ज पाठवला.

दोनेक वर्षं काही झालं नाही. पाऊस पडला, तुटलेल्या बुडख्यांना धुमारे फुटले, बन आपलं आपण सावरायला लागलं. आत्या खुशीत असायची. आणि मग शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावानं लिफाफा आला. कोणत्या कचेरीचा ते लिहीत नाही. त्यांनी मागितलेलं दिलं, त्यांची काय चूक? "आपल्या अर्जातील मागणीस अनुसरून" अशी सुरुवात होती. सदर क्षेत्र झुडपी व निकृष्ट असल्याने ते साफ करून तेथे निलगिरीची लागवड मंजूर झाली होती. मी ते पत्र दोनदा वाचलं. तेव्हाच धावत कचेरीत जायला हवं होतं. हातापाया पडायला हवं होतं. मी गेलो, नाही असं नाही, एका साहेबासमोर उभा राहिलो. त्यांनी फायलीतून माझाच अर्ज काढून माझ्यापुढं धरला. "गुरुजी, हे तुमचंच ना अक्षर?" मी हो म्हटलं. मी नमस्कार करून परत आलो, आणि पत्र ट्रंकेत तळाला घातलं.

रोजगार हमीचं काम निघालं. गावातलीच माणसं लागली, आमच्या आळीतलीसुद्धा, आणि दुष्काळातून उठलेल्या माणसांनी काम मिळालं म्हणून आनंदच केला. पंधरा दिवसांत बन साफ झालं. मुळासकट. आत्या रोज जायची. आरडाओरडा नाही, काही नाही. उपटलेल्या ढिगाऱ्यापाशी बसायची, एकेक काडी बाजूला काढायची, ओटीत भरून आणायची आणि घरामागं लावायची. एक जगलं नाही. परसातली माती वेगळी, पाणी वेगळं, सावली नाही. मी एकदा गेलो होतो तिला बोलवायला, जेवणवेळ झाली म्हणून. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "उत्तम, आपुन अर्जी दिलती न्हवं? मग त्यायला कळालं न्हाई का?"

आत्ता सांगावं, असं मला वाटलं होतं. शपथेवर सांगतो, शब्द तोंडात आले होते. पण आजूबाजूला माणसं होती, माझ्याकडून अर्ज लिहून घेणारी माणसं... मी म्हणालो, "पोचला नसंल अर्ज, आत्या." तिनं हातातली काडी ओटीत टाकली. मग तिनं स्वतःच्या उजव्या आंगठ्याकडं बघितलं. "पोचला आसंल. मह्या आंगठ्यानं घात केला. तू म्हणला व्हतास तवाच, घाण केलीस म्हणून. त्यायला वाचताच आलं नसंल." मी नाही म्हटलं नाही. नुसतं चल जेवायला म्हटलं, आणि ती उठली.

त्यानंतर ती हे सगळ्यांना सांगायला लागली. औषधाला बाई आली की, "न्हाई गं माय, बन गेलं. मह्या आंगठ्यानं गेलं." लग्नात, पाण्यावर, बुद्धविहाराच्या ओट्यावर, कुठंही. गावानं ते मानूनही टाकलं. लोक म्हणायचे, मास्तरनं एवढा चांगला अर्ज लिहिला होता, म्हातारीनं नासवला. माझ्यासमोर म्हणायचे. आणि मी, लेकरांना खरं बोला म्हणून शिकवणारा, खाली मान घालून उभा राहायचो. पुढं माझी बदली सेलूकडं झाली, तीही मी मागून घेतली होती. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

एकदा सुट्टीत तिला घेऊन जिंतूरकडच्या डोंगरात गेलो. मनात होतं, तिथं अजून रान शिल्लक आहे, तिची झाडं तिला तिथं सापडतील, आणि मग माझ्या छातीवरचं थोडं तरी कमी होईल. झाडं होती. ती हिंडली, पानं चुरगाळून वास घेतला, दोन-तीन ठिकाणी ओळखीचं हसलीसुद्धा. पण खुरपं पिशवीतून काढलं नाही. मी म्हटलं, काढ की आत्या, एवढं हाय. ती म्हणाली, "हाय खरं. पर मला ह्यांची वळख न्हाई. कुणाला किती मागावं, ते आज येऊन आजच कसं कळंल?" रिकाम्या पिशवीनं आम्ही संध्याकाळची गाडी धरली. गाडीत ती झोपली नि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी सबंध वाट बाहेर बघत होतो.

शेवटची भेट दिवाळीत. खोकला लागला होता, छाती घरघरायची. कधीकाळी असल्या खोकल्याला ती काय द्यायची ते मला आठवत होतं, वास आठवत होता, नाव नाही. मी पूर्ण्याहून औषधाची बाटली नेली. तिनं चमच्यानं घेतली आणि तोंड वाकडं करायच्या तयारीत असताना एकदम हसली. "गोड हाय की रे! लेकरं पळत न्हाईत आता माळवदावर." मला हसू आलं नाही. ती म्हणाली, तू लय वाळलास, कशाचा घोर लावून घेतलास? मी म्हटलं, शाळेचा. आत्या गेली तेव्हा बाटली अर्धी उरली होती, असं आई म्हणाली.

मागच्या रविवारी गावी गेलो होतो. आत्याचं घर आता आमचे लोक गवऱ्या ठेवायला वापरतात. मी तिथं दारात उभा होतो, तर एक बाई आली, पेडगावहून, खांद्याशी दोन महिन्यांचं नातवंड घेऊन. सुनेला दूध नव्हतं. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात आत्यानं औषध दिलं होतं, त्यातला उरलेला मुळीचा एक तुकडा तिनं इतकी वर्षं फडक्यात बांधून जपला होता. आत्या गेल्याचं तिला आळीत कळलं होतं. तरी आली होती. फडकं सोडून तिनं करंगळीएवढा काळा पडलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "मास्तर, तुमी तिच्याच घरचे. वळखा आन् एवढीच आणून द्या." मी हुंगला, उजेडात धरला. काही कळलं नाही. धोंड्याखालची असेल, वगळीच्या तोंडाची असेल, मला काय माहीत? पोर भुकेनं कुरकुरत होतं. आणि मग मी, जे आत्याला सात जन्मांत सांगू शकलो नसतो, ते त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. की बाई, हे आता कुठं मिळायचं नाही. ते बन आत्याच्या आंगठ्यानं गेलं नाही. मी लिहिलेल्या अर्जानं गेलं. माझ्या एका ओळीनं गेलं.

मला वाटलं ती शिव्या देईल, निदान तोंड फिरवील. तिनं तुकडा माझ्या हातावरून उचलला, परत फडक्यात बांधला, लेकराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती आशा होती, आणि ती मला बघवेना.

"तुमच्या अर्जीचं सरकार एवढं ऐकतंय व्हय?" ती म्हणाली. "मग आनिक एक अर्जी करा की, मास्तर. म्हणावं, व्हतं तसं करून द्या."